कोरडी फोडणी

वेळशी बंदरात फोडणी म्हटलं की कुणाला मोहरी-हिंग आठवत नाही. तिथे फोडणी म्हणजे बोटीच्या इंजिनाशेजारी बसवलेलं, तांदळाच्या डब्याएवढं स्टीलचं पिंप. टाकीतला अमोनिया त्यात एका बाजूनं शिरतो, आत साडेसहाशे अंशांच्या आचेवर फुटतो आणि दुसऱ्या बाजूनं हायड्रोजन आणि नायट्रोजन होऊन बाहेर पडतो. त्या हायड्रोजनवर बोट चालते. कंपनीच्या पुस्तकात या यंत्राला चांगलं ऐसपैस नाव आहे, पण ते तोंडात मावेना म्हणून कोळ्यांनी पहिल्याच हंगामात त्याचं बारसं करून टाकलं. अमोनिया फोडते ती फोडणी. डिझेल बंद झालं तेव्हा वेळशीच्या एकशे ऐंशी बोटी या फोडणीवर तरल्या, आणि ती फोडणी केली होती वेळशीच्याच एका मुलीनं. निदान सगळ्यांची तशी समजूत होती.

ती मुलगी म्हणजे हर्षाली पावसे. मुलगी कसली, एकोणचाळीस वर्षांची बाई. पुण्याच्या एका कंपनीत संशोधक. आई-वडील एकाच वर्षात गेले तेव्हा धाकटा रूपेश दहा वर्षांचा होता आणि ही वीस. त्याला तिनं वाढवलं. आता तो 'जयलक्ष्मी' बोटीचा तांडेल, म्हणजे कप्तान, होता, आणि बंदरात कुणी फोडणीबद्दल शंका काढली की छाती पुढे काढून सांगायचा, "माझ्या तायनं केलेली हाय. डोळे मिटून घ्या." लोकांनी खरोखरच डोळे मिटून घेतली होती.

जुलैच्या एकोणतीस तारखेला दुपारी डबा खाता खाता हर्षालीनं फोनवर साचलेले, न बघितलेले व्हिडिओ उघडले. एक रूपेशनं मेअखेरीस पाठवलेला होता. जेट्टीवरची वीज बोटीला जोडलेली, फोडणीची दोन्ही तोंडं सताड उघडी, एका तोंडाला हवेचा पंखा लावलेला, आणि पिंपाच्या पोटाला मंद लाल रंग चढलेला. मागे दहाबारा बोटींवर हेच चाललेलं. रूपेशचा आवाज ऐकू येत होता, "ताय, तू बोललीस तशी कडकडीत सुकवली बघ. सगळ्यांना सांगितलंय."

हर्षालीनं डबा बाजूला सारला.

तिला आठवलं. मे महिन्यात रूपेशचा फोन आला होता. पावसाळ्यातल्या दोन महिन्यांच्या मासेमारीबंदीत फोडणी कशी ठेवायची, असं तो विचारत होता. ती मीटिंगमध्ये होती. "कोरडी ठेव, नीट सुकवून," एवढं बोलून तिनं फोन ठेवला होता. तिच्या डोक्यात पुण्याचं सुकवणं होतं, फडक्यानं पुसून झाकण लावणं. वेळशीत सुकवणं ही वेगळी गोष्ट आहे. पावसाआधी जवळा, बोंबील, दोर, जाळी सगळं असं सुकवतात की हातात धरलं तर मोडावं. अर्धवट सुकलेलं ठेवलं तर महिन्याभरात बुरशी. रूपेशनं तायचा शब्द वेळशीच्या पद्धतीनं पाळला होता.

यात बिघडलं काय, ते जरा समजून घ्यायला हवं. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

निकेल हा धातू अमोनिया फोडतो. पण फोडायचं काम फक्त धातूच्या पृष्ठभागावर होतं, आतलं निकेल नुसतं बसून राहतं. म्हणून निकेलचे अतिबारीक कण करतात, केसाच्या जाडीच्या दहा हजाराव्या हिश्शाएवढे, आणि ॲल्युमिनाच्या पांढऱ्या सच्छिद्र मण्यांवर ते पसरून बसवतात. अडचण आचेची. तापलं की हे कण जागा सोडतात. गरम आमटीवर तेलाचे थेंब हळूहळू एकमेकांना भेटून मोठे होत जातात, तसंच इथेही होतं. हजार कणांचा एक गोळा झाला तर निकेल तेवढंच राहतं, पण काम करणारा पृष्ठभाग दहावा हिस्सा उरतो. महिन्या-दोन महिन्यांत मणी निकामी होतात. हे दुखणं फार जुनं आणि फार महागडं होतं.

हर्षालीच्या मण्यांनी ते बरं केलं. तिच्या रीतीत निकेल मण्यावर बसवत नाहीत, मण्यातच मुरवतात. हवेत नऊशे अंशांना तासन्‌तास भाजलं की निकेल ॲल्युमिनाच्या अंगात असं शिरतं की बाहेर खूणही राहत नाही. मग हवा काढून हायड्रोजनमध्ये तापवलं की ते आतून पुन्हा वर येतं, कणाकणानं, अर्धं आत रुतलेलं आणि अर्धं बाहेर. खडकावरची कालवं लाटेनं हलत नाहीत, कोयतीनं फोडून काढावी लागतात. हे कण तसे बसतात. सातशे अंशांनाही ते जागचे हलेनात, तेव्हा कंपनीनं पाच वर्षांची हमी दिली.

आणि आता दोष ऐका. तापत्या हवेनं निकेल एकदा आत जातं, तर पुन्हाही जाणार. नऊशेला झपाट्यानं, सातशे-साडेसातशेला सावकाश, पण जाणार. रूपेशनं तीन दिवस, तीन रात्री सुकवली होती. वेळशीच्या एकशे ऐंशी फोडण्या बाहेरून लखलखीत आणि आतून मेल्या होत्या, आणि एक ऑगस्टला बंदी उठणार होती.

"हवेत तापवू नये." तीन शब्द. कंपनीच्या पुस्तकात ते का नव्हते?

याचं उत्तर हर्षालीपाशी होतं आणि ते तिला गेली सहा वर्षं टोचत होतं. सहा वर्षांपूर्वी तिनं प्रयोगशाळेतल्या अंकुश जाधवरांना चिठ्ठी लिहून ठेवली होती, 'अंकुशमामा, हे रात्रभर मुरू द्या.' म्हणजे, निकेलचं पाणी मण्यांत जिरेपर्यंत भांडं टेबलावर झाकून ठेवा. माशाला मसाला लावून ठेवतात तसं. पण अंकुशमामांची तीस वर्षं भोसरीच्या लोखंड भाजायच्या कारखान्यात गेली होती. तिथे मुरवणं म्हणजे आच गाभ्यापर्यंत पोचेतो माल भट्टीत धरून ठेवणं. मामांनी भांडं नऊशेच्या भट्टीत ठेवलं, दिवा मालवला आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी हर्षाली रूपेशच्या परवान्याच्या कामासाठी रजेवर होती, म्हणून चाचणीही मामांनीच लावली. तिसऱ्या दिवशी तिनं आकडे बघितले आणि तिचा विश्वास बसेना.

असं का झालं, हे तिनं नंतर शोधून काढलं, आणि ते श्रेय तिचंच. पण वहीत तिनं ते असं लिहिलं, जणू आधीपासून तेच करायचं होतं. मामांची रात्र 'नियंत्रित पूर्वप्रक्रिया' झाली. पेटंटच्या वकिलाला ते शब्द फार आवडले. हवेत भाजतात ही गोष्ट गुपित राहू दे, म्हणाला. तिनं राहू दिली. खोटं म्हणावं असं एक अक्षर त्यात नव्हतं, आणि खरंही धड नव्हतं. तिला बढती मिळाली, मामा शाल-श्रीफळ घेऊन निवृत्त झाले. त्यांचा उल्लेख कुठेच आला नाही, आणि हवेचाही नाही.

तिनं त्याच दुपारी कोठारातले मणी काढून हवेत साडेसातशेला तापायला ठेवले आणि तीस तारखेला सकाळी तपासले. शंभराचे सहा उरले होते. सहा टक्के म्हणजे बंदरात संथ चालण्यापुरती फोडणी चालणार, आणि बाहेर लाटांत जोर लावला की अमोनिया न फुटता तसाच इंजिनाकडे जाणार आणि नळीच्या सांध्यांतून गळून इंजिनाच्या खोलीत शिरणार.

विभागप्रमुख देवस्थळी मॅडमनी आकडे शांतपणे बघितले. त्या वाईट बाई नव्हत्या, सावध होत्या.

"किती नमुने तपासलेस?"

"एक."

"एका नमुन्यावर एकशे ऐंशी बोटी थांबवायच्या? दहा तपास. मग पत्र काढू."

"मॅडम, परवा बंदी उठतेय."

"म्हणूनच सांगते. तोवर कुणाशी बोलू नकोस, घरी तर अजिबात नाही. वकील पहिला प्रश्न हाच विचारतील, की हवेत तापवू नका हे पुस्तकात का नव्हतं. काय सांगशील त्यांना?"

हर्षालीनं आकड्यांचा कागद उचलला. गप्प बसायची तिला सहा वर्षांची सवय होती.

संध्याकाळी तिनं रूपेशला फोन केला. धीर करून केला, पण अर्धाच.

"रूपेश, परवा बोट काढू नकोस."

"का गो?"

"फोडणीत थोडी अडचण आहे. कंपनीचं पत्र येईल."

"पत्र राहू दे. तू सांग ना."

"आत्ता नाही सांगता येत रे."

तो म्हणाला, "ताय, सगळ्या बंदराला मी सांगितलंय, तायची फोडणी हाय म्हणून. आता काय सांगू? तायला सांगता येत नाय?"

"दोन दिवस थांब. माझं ऐक."

"बघतो," रूपेश म्हणाला.

वेळशीचा माणूस 'बघतो' म्हणाला की तो काय करणार ते देवालाही ठाऊक नसतं. हर्षालीला हे चांगलं माहीत होतं. दुसऱ्या दिवशी उजाडताच तिनं गाडी काढली आणि ताम्हिणीचा रस्ता धरला. दहा नमुने पुण्यातच राहिले. घाटात दरड आली होती, तासभर तिथेच गेला. रूपेशला लावलेला प्रत्येक फोन 'संपर्कक्षेत्राबाहेर' म्हणत होता.

वेळशीला पोचायला दुपारचा एक वाजला. जेट्टीवर बोटींच्या रांगेत 'जयलक्ष्मी'ची जागा मोकळी होती.

मच्छीमार सोसायटीचे चेअरमन मुकादमचाचा ऑफिसच्या दारात उभे होते. "रूपेश? तो अकराला सुटला. मासेमारीला नाही, फक्त बंदराच्या मुखापर्यंत फेरी मारून येतो बोलला. बरोबर त्याच्या बोटीवरच्या लवूला घेतलाय." मग जरा हसून म्हणाले, "ताय उगाच भिते, एकदा चालवून दाखवतो, असं बोलत होता."

हर्षाली पुन्हा फोन लावणार इतक्यात आतला वायरलेस खरखरला.

"चाचा, जयलक्ष्मी बोलतोय. इंजिन धापा टाकतंय. आणि बर्फाच्या कारखान्याचा वास येतोय."

बर्फाच्या कारखान्यात पूर्वीपासून अमोनियाच वापरतात, त्यामुळे तो वास बंदरात लहान पोरालाही कळतो. बोटीवर वासाची शिट्टी होती, अमोनिया गळला की वाजणारी, पण ती सुकटीच्या वासानंही वाजायची, म्हणून सगळ्यांनी तिला प्लास्टिक गुंडाळून ठेवलं होतं. रूपेशला नाकानं कळलं, म्हणजे फार उशिरा कळलं.

हर्षालीनं माइक ओढून घेतला. "रूपेश, अमोनियाचा कॉक बंद कर. आत्ता. टॉवेल ओला करून तोंडाला बांधा दोघं, आणि वाऱ्याच्या बाजूला या."

"ताय? तू कुठून—"

"आधी कॉक."

मिनिटभर नुसती खरखर. मग खोकल्याचा आवाज आणि रूपेश. "बंद केला. लवूकाका ओकतोय. इंजिन गेलं. नांगर टाकलाय, पण खाली खडक हाय, धरत नाय. वारा कासवीच्या खडपाकडं लोटतोय."

"खडकावर आपटायला किती वेळ आहे?"

"तासभर. कमीच."

मुकादमचाचांनी मदतीच्या बोटीला संदेश दिला. ती दोन तासांवर होती. मग ते वेळशीच्या बोटींकडे बघत उभे राहिले. एकशे एकोणऐंशी बोटी होत्या, आणि त्यांतल्या एकीचीही फोडणी सुकवायची राहिलेली नव्हती. कुणाला सोडणार?

हर्षालीला एक गोष्ट ठाऊक होती. आत गेलेलं निकेल नाहीसं झालेलं नसतं. हायड्रोजनमध्ये तापवलं की ते परत वर येतं. कंपनीच्या कारखान्यात त्याला शुद्ध हायड्रोजन आणि सहा तास लागत. रूपेशपाशी हायड्रोजन नव्हता, आणि फोडणी तापती ठेवायला बॅटरी होती चाळीस मिनिटांची. अमोनियावरच ती जागी होईल का? होत असावी. किती आचेवर, किती वेळात, हे तिनं कधी करून बघितलं नव्हतं.

मग तिला वाटलं, पहिली चाचणी आपण लावली नव्हती. वहीत तिनं 'हायड्रोजन, सहा तास' लिहिलं होतं, कारण तसं करायचं असतं. मामांनी काय केलं होतं, हे तिनं विचारलंच नव्हतं.

अंकुशमामांनी दुसऱ्या रिंगला फोन उचलला. मागे टीव्ही चालू होता.

"मामा, मी हर्षाली. सहा वर्षांपूर्वी ते भट्टीत मुरलेले मणी, त्यांची चाचणी तुम्ही लावलीत. हायड्रोजन किती वेळ दिला होता?"

"दिलाच नव्हता. सिलिंडर संपला होता." मामांनी टीव्ही बंद केला. "मी सरळ अमोनियाच सोडला."

"किती आचेवर?"

"काटा सातशे दाखवत होता, पण ती भट्टी साठनं कमी दाखवायची. म्हणजे सातशेसाठ धरा. पहिल्यांदा मोठा सोडला तर आच खाली यायला लागली. अमोनिया फुटताना आच खातो ना. मग अगदी बारीक केला, उदबत्तीच्या धुराएवढा. अर्धा तास काही नाही. बंद करणार होतो, तेवढ्यात हायड्रोजनचा काटा हलला. एकदा हलल्यावर मग आपोआप वाढत गेला."

"हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत."

"तुम्ही विचारलं नाहीत," मामा म्हणाले. त्यात राग नव्हता. "काय झालंय?"

तिला उत्तर द्यायला वेळ नव्हता. ती माइककडे वळली.

"रूपेश, नीट ऐक. हीटर सातशेसाठवर ने. तापली की अमोनिया सोड, पण केसाएवढा बारीक. बाहेर येणारी नळी समुद्रात सोड, इंजिनाला नको. काही झालं तरी कॉक वाढवायचा नाही. आणि हायड्रोजनच्या काट्यावर डोळा ठेव."

"बॅटरी संपली तर?"

"माहीत आहे."

"ही मेली कशी, ताय? पाच वर्षं चालणार बोललेलीस." वाऱ्यात त्याचा आवाज तुटत होता. "मला कारण सांग. कारण कळल्याशिवाय मी परत तिच्यापाशी जाणार नाय. लवूकाकाला धड श्वास घेता येईना."

वायरलेस हा फोन नव्हे. त्या पट्टीवर वेळशीची प्रत्येक बोट होती, आणि उद्याच्या तयारीसाठी प्रत्येक बोटीवर माणूस होता. जेट्टीवरून, मचव्यांतून, बर्फाच्या ट्रकमधून दोन-अडीचशे माणसं ऐकत होती. हर्षालीला देवस्थळी मॅडमचा प्रश्न आठवला. मग तिला काहीच आठवेनासं झालं, फक्त खडप दिसत राहिला.

"तू सुकवलीस म्हणून मेली," ती म्हणाली. "पण चूक तुझी नाही. तापती हवा लागली की निकेल आत जातं. हे मला पहिल्यापासून माहीत होतं. मी पुस्तकात लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर हेही लिहावं लागलं असतं की ही रीत मला सुचलेली नाही. आमच्याकडच्या अंकुश जाधवरांनी मण्यांचं भांडं चुकून भट्टीत ठेवलं आणि त्यातून ती निघाली. मी माझ्या नावावर लावली. मेमध्ये तू विचारलंस, तेव्हा मी अर्धवट ऐकून उत्तर दिलं. काल तू कारण विचारलंस, तेव्हाही सांगितलं नाही. सगळ्यांनी ऐका. कुणीही फोडणी चालू करू नका. सगळ्या मेल्यात."

ऑफिसात मुकादमचाचांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

मग रूपेश म्हणाला, "सातशेसाठ बोललीस ना?"

"सातशेसाठ."

"लावतो."

पहिली दहा मिनिटं तापवण्यातच गेली. मग त्यानं अमोनिया सोडला. त्यानंतरची मिनिटं हर्षालीनं भिंतीवरच्या घड्याळात मोजली. पाचव्या मिनिटाला काही नाही. दहाव्याला काही नाही. पंधराव्याला रूपेश म्हणाला की खडपावर फुटणारं पाणी आता ऐकू येतंय. विसाव्याला त्यानं विचारलं, थोडा वाढवू का? ती नाही म्हणाली. वाढवला असता तर कदाचित लवकर झालं असतं, कदाचित कायमचं थंड पडलं असतं. कोणतं खरं, हे तिला माहीत नव्हतं, आणि तिला ते माहीत नाही हे त्यालाही आता कळत होतं. तिला वाटलं, आपण त्याला दहाव्या वर्षापासून सांगत आलो आणि तो ऐकत आला. आज पहिल्यांदा आपल्याला खात्री नाही, आणि आजच त्याला ऐकावं लागतंय. तिला रडू येत होतं, पण माइकवर सगळं बंदर ऐकत होतं, म्हणून ती रडली नाही.

सत्ताविसाव्या मिनिटाला बॅटरीचा दिवा लाल झाला.

एकोणतिसाव्याला रूपेश म्हणाला, "ताय. काटा हलला."

"किती?"

"हलला एवढंच. थांब. वाढतोय. नळी इंजिनाला लावतो." मग नुसता वारा, आणि मग इंजिन खोकलं. एकदा, दोनदा. "चाललं. फार मंद चाललंय, पण तोंड फिरवतोय. पाणी अंगावर येतंय. लवूकाका, दोर तोड नांगराचा. तोड."

यानंतर चार मिनिटं वायरलेसवर काहीच आलं नाही. ती चार मिनिटं कशी गेली, हे हर्षालीला पुढे कधीच सांगता आलं नाही. मग लवूकाकाचा घोगरा आवाज आला, खडप मागे पडला म्हणून.

साडेतीनला 'जयलक्ष्मी' चालत्या माणसाच्या वेगानं बंदरात आली. रूपेशचे डोळे लालभडक झाले होते. तो जेट्टीवर चढला, हर्षालीच्या बाजूनं गेला आणि नळाखाली डोळे धूत बराच वेळ उभा राहिला. ती मागे उभी होती. त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. लोक बघत होते, आणि त्यांच्या नजरा काही चांगल्या नव्हत्या. एक जण म्हणाला, "शिकलेली माणसं. आपला जीव, यांचं नाव." तिनं मान खाली घातली, कारण त्याचं म्हणणं खरं होतं.

मुकादमचाचांनी सगळ्यांना थोपवलं. "बाई, शिव्या नंतर घे. आता पुढे काय?"

पुढचं काम सोपं होतं, पण लांबलचक. जागी झालेली एक फोडणी हायड्रोजन देते. तो नळीनं शेजारच्या बोटीच्या फोडणीत सोडायचा, दहा तास तापवायचं, की तीही जागी होते. मग एकीच्या दोन, दोनाच्या चार. विरजण लावत जावं तसं. पण नळ्या थोड्या, जेट्टीवरची वीज थोडी, आणि प्रत्येक फोडणी तपासूनच सोडायची. दहा दिवस लागणार होते. हंगामाचे पहिले दहा दिवस, जेव्हा मासळी सगळ्यात जास्त असते.

देवस्थळी मॅडमचे अकरा फोन येऊन गेले होते. बाराव्याला हर्षालीनं उचलला.

"हे खरं आहे? वायरलेसवर?"

"हो. पुस्तकात पान वाढवावं लागेल, मॅडम. मी लिहून पाठवते. जाधवरांच्या नावासकट."

"तुला निलंबित करावं लागेल, हर्षाली."

"करा. पण पान आजच जाऊ दे. बाकीच्या बंदरांवरही लोक सुकवत असतील."

"ते मी पाठवते," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी खरंच तासाभरात पाठवलं.

दहा दिवस हर्षाली आणि रूपेश शेजारी शेजारी राबले. तो तिच्याशी बोलायचा, पण फक्त आचेबद्दल आणि नळ्यांबद्दल. सांगितलेला प्रत्येक आकडा तो दोनदा विचारून घ्यायचा. पूर्वी एकदाही विचारायचा नाही. घरी जेवताना तिच्या ताटात तो पहिल्यासारखीच माशाची तुकडी वाढायचा, आणि मग न बोलता जेवायचा. तिला वाटायचं, ह्यानं एकदा शिवी घालावी. त्यानं घातली नाही.

अकरा ऑगस्टला सकाळी शेवटची फोडणी तपासून झाली. शंभरातले त्र्याण्णव. बोटींवर पताका चढल्या, नारळ फुटले. हर्षाली जेट्टीवर बाजूला उभी होती. रूपेश बोटीवरून उतरून तिच्यासमोर आला.

"चल."

"कुठे?"

"बोटीत."

मुकादमचाचांनी ऐकलं. "रूपेश, हंगामाच्या पहिल्या फेरीला बाईमाणूस बोटीत? वेळशीत असं कुणी केलेलं नाही."

"माहीत हाय, चाचा. पण मागल्या वेळी कागदावर पाच वर्षांची हमी होती, आणि मी तिच्याशिवाय गेलो." तो चाचांशी बोलत होता, पण बघत हर्षालीकडे होता. आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. "ती बोलते बरी झाली. असेल. मग ती फोडणीपाशी बसेल."

चाचा बाजूला सरले. बाकीच्या बोटींचे तांडेल काय होतं ते बघत थांबले होते, आणि 'जयलक्ष्मी' निघाल्याशिवाय कुणी निघणार नव्हतं.

हर्षाली नाही म्हणू शकली असती. त्र्याण्णव हा आकडा तिनंच काढला होता. उरलेले सात कुठे गेले, हे तिला अजून कळलं नव्हतं, आणि पुढच्या महिन्यात त्र्याण्णवाचे किती राहतील हेही कळलं नव्हतं. रूपेशला तिनं हे सांगितलं होतं, सगळं, दोनदा. ती साडी खोचून फळीवरून बोटीत चढली. लवूकाकानं तिला हात दिला.

तिला इंजिनाच्या खोलीत, पिंपापासून हातभर अंतरावर बसायला जागा मिळाली. शिट्टीवरचं प्लास्टिक तिनं स्वतः काढलं. बोट मुखाबाहेर पडली, लाटा लागल्या, आणि रूपेशनं जोर वाढवला. ती श्वास रोखून बसली, मग आठवण करून श्वास घेऊ लागली, कारण वास यायला हवा तर श्वास घ्यायला हवा. दारातून रूपेश अधूनमधून डोकावत होता. काट्याकडे न बघता तो तिच्या चेहऱ्याकडे बघून परत सुकाणूकडे जात होता.

पहिल्या पाच मैलांत तिला चार वेळा वास आला. चारही वेळा तो खरा नव्हता.